चालते डिझेल इंजिन मध्येच का बंद पडते? निदानाची सोपी पद्धत

खरिपाच्या पेरणीस योग्य असा वापसा जमिनीत फार दिवस टिकत नाही. उन्हाळी भाजीपाल्यास पाण्याची एक पाळी चुकली, तर फुले व कोवळी फळे गळू लागतात. अशा नेमक्या वेळी ट्रॅक्टर किंवा पाण्याचे इंजिन चालता चालता बंद पडले, म्हणजे शेतकऱ्यापुढे केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न उभा राहत नाही. हाताशी आलेला हंगाम जाण्याची भीती असते. मग घाईने मिस्त्री बोलावला जातो, पंप खोलला जातो, नोझल बदलले जाते, आणि पुष्कळदा शेवटी असे आढळते की दोष टाकीच्या झाकणात किंवा एखाद्या सैल नटात होता.

पिकावर औषध फवारण्यापूर्वी पाने उलटून कीड कोणती ते पाहावे लागते. इंजिनाचेही तसेच आहे. पाना हातात घेण्यापूर्वी इंजिन कोणत्या रीतीने बंद पडले हे नीट पाहिले, आणि तपासणी टाकीपासून नोझलपर्यंत क्रमाने केली, तर बहुतेक दोष शेतावरच व अल्प खर्चात सापडतात. प्रस्तुत लेखात जुन्या धर्तीच्या, म्हणजे यांत्रिक इंजेक्शन पंप असलेल्या, ट्रॅक्टरच्या व पाण्याच्या इंजिनांविषयी माहिती दिली आहे.

डिझेल इंजिनास काय लागते?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ साली झाली. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा पिस्टनने सुमारे सोळा ते अठरा पट दाबली जाते. त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक तुषार सोडताच तो आपोआप पेट घेतो. हा तुषार ठरलेल्या क्षणी व ठरलेल्या मापाने सोडण्याचे काम इंजेक्शन पंप करतो. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ साली असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केला, आणि लहान आकाराची वेगवान डिझेल इंजिने व्यवहारात येणे सुकर झाले. आपल्याकडे १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि महाराष्ट्रातील विहिरींवर मोटेच्या जागी डिझेल इंजिन येण्यास मोठे साहाय्य झाले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. डिझेल इंजिन चालण्यास चारच गोष्टी लागतात : स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा, सिलिंडरमधील दाब आणि बेताचा भार. यांपैकी जी गोष्ट कमी पडेल ती इंजिनास बंद पाडील. चालते इंजिन मध्येच बंद पडण्यास डिझेलच्या पुरवठ्यातील अडथळा हे सर्वांत नेहमीचे कारण असते. म्हणून तपासणीस तेथूनच प्रारंभ करावा.

डिझेलचा मार्ग

टाकीतून डिझेल कॉकवाटे नळीत येते. अनेक ट्रॅक्टरांत ते पुढे फीड पंपाने ओढले जाते. लहान इंजिनांत टाकी उंचावर असल्याने ते आपोआप उतरते. नंतर एक किंवा दोन फिल्टरमधून गाळून ते इंजेक्शन पंपात जाते. येथपर्यंत डिझेलचा दाब अगदी कमी असतो. इंजेक्शन पंपापासून मात्र जाड भिंतीच्या बारीक नळीतून ते साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोग्रॅमच्या आसपास दाबाने नोझलमधून बाहेर पडते. नेमका दाब प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

पंपातील प्लंजर व त्याचे घर यांमधील फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते. माणसाचा केसही तिच्या कितीतरी पट जाड असतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही या भागांस ओरखडा पाडू शकतो. शेतात, वाऱ्यावर बसून पंप खोलणे का अनिष्ट आहे, ते यावरून स्पष्ट होईल.

प्रथम पाहावे : इंजिन कसे बंद पडले?

इंजिन बंद पडण्याच्या रीतीवरून अर्धे निदान होते. यासाठी ते चालवणाऱ्यास पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. इंजिन हुकत हुकत, वेग कमी-जास्त होत, हळूहळू बंद पडले काय? तसे असल्यास डिझेल कमी पडत आहे किंवा त्यात हवा अथवा पाणी शिरले आहे असे समजावे.

२. ते कोणताही इशारा न देता एकदम थांबले काय? तसे असल्यास इंजिन बंद करण्याची दांडी किंवा तिची तार अडकणे, डिझेलचा कॉक धक्क्याने मिटणे किंवा पंप फिरवणारा भाग तुटणे, यांची शंका घ्यावी.

३. भार येताच काळा धूर सोडत ते दबले काय? तसे असल्यास हवा कमी पडत आहे अथवा भार जास्त आहे.

४. ते खडखडत, जड होत थांबले व नंतर हँडलने फिरेना काय? तसे असल्यास इंजिन तापून पिस्टन धरला असण्याचा संभव असतो.

५. थंड असताना इंजिन चांगले चालते, तापल्यावर बंद पडते आणि निवेपर्यंत पुन्हा सुरू होत नाही काय? तसे असल्यास पंपातील झिजेकडे लक्ष द्यावे.

यानंतर हँडल किंवा स्टार्टर मारून सायलेन्सरकडे पाहावे. फिरवताना पांढरट धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते पण जळत नाही. मुळीच धूर येत नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. ही एक खूण पुष्कळ खटपट वाचवते.

टाकी आणि तिचे झाकण

टाकीत डिझेल आहे किंवा नाही हे काट्यावर विसंबून न ठरवता स्वच्छ काठी घालून पाहावे. उतारावर नांगरताना टाकीतील थोडे डिझेल एका बाजूस जाते आणि नळीचे तोंड उघडे पडून हवा आत शिरते.

टाकीच्या झाकणास एक बारीक छिद्र असते. जितके डिझेल खर्च होते तितकी हवा या छिद्रातून आत यावी लागते. हे छिद्र चिखलाने किंवा रंगाने बुजले, म्हणजे टाकीत निर्वात पोकळी निर्माण होऊन डिझेलचा प्रवाह मंदावतो. समजा, एखादे इंजिन रोज अर्धा-पाऊण तास सुरळीत चालते, मग हुकते व बंद पडते; दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तोच प्रकार घडतो. अशा वेळी इंजिन बंद पडताच झाकण सैल करावे. हवा आत ओढली जाण्याचा ‘सुस्’ असा आवाज आला आणि झाकण सैल ठेवल्यावर इंजिन अखंड चालले, तर दोष सापडला. बारीक तारेने छिद्र मोकळे करावे. झाकण हरवल्यावर तोंडास चिंधी किंवा प्लास्टिकचा कागद घट्ट बांधण्याची रीतही अशाच बिघाडास कारण होते.

पाणी व घाण

अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील ओल धरते व तिचे थेंब तळाशी साचतात. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते खालीच राहते आणि नळीवाटे प्रथम तेच पुढे जाते. म्हणून शक्य तेथे टाकी सकाळी न भरता सायंकाळी काम संपल्यावर भरावी.

पाण्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन रात्रभर थांबल्यानंतर सकाळी फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे व काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी असल्यास तळाशी त्याचा वेगळा थर दिसतो. पाणी व गाळ संपून शुद्ध डिझेल येईपर्यंत ते वाहू द्यावे.

फिल्टर चोंदल्यास इंजिन रिकामे चांगले चालते, पण भार येताच त्याचा दम कमी पडतो, कारण भाराच्या वेळी डिझेल अधिक लागते. फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनी बदलावा. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवू नये. धुताना कागदास पडलेली बारीक भोके दिसत नाहीत आणि घाण सरळ पंपात जाते. फिल्टर काढून टाकून तसेच इंजिन चालवणे हा तर महागड्या पंपाचा नाश आहे. फीड पंपाच्या तोंडाशी असलेली जाळीची गाळणी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तीही साफ करावी.

साठवणीचे पिंप किंचित तिरके ठेवावे, डिझेल निदान एक दिवस निवळू द्यावे आणि तळाचे काही इंच डिझेल इंजिनास वापरू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात डिझेल साठवू नये. गाळण्यास सुती फडके घेऊ नये, कारण त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात; बारीक तारेची जाळी वापरावी.

इंजिनाने हवा धरणे

डिझेल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते. पंपात हवेचा बुडबुडा शिरला, म्हणजे प्लंजरचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो व नोझल उघडत नाही. यालाच इंजिनाने हवा धरणे असे म्हणतात.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा. टाकी उंचावर असेल, तर सैल जोडातून डिझेल बाहेर पाझरते व ओल दिसते. पण ज्या नळीतून फीड पंप डिझेल ओढतो, तिच्यातील सैल जोडातून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. त्यामुळे बाहेरून सर्व कोरडे व ठीक दिसूनही इंजिन बंद पडत राहते. अशा वेळी टाकी ते फीड पंप यांमधील प्रत्येक नट, वॉशर व रबरी नळीची चीर तपासावी. तांब्याचे जुने वॉशर दबून कठीण झाले असल्यास बदलावेत. जोडावर साबण लावून किंवा दोरा गुंडाळून भागत नाही. टाकीकडे परत जाणाऱ्या नळीचे टोक डिझेल भरलेल्या बाटलीत बुडवून इंजिन चालवल्यास, आत हवा येत असेल तर बुडबुडे सतत दिसतात.

हवा काढण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. फिल्टर, पंप व जोड बाहेरून पुसून स्वच्छ करावेत. टाकी भरून कॉक उघडावा.

२. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाची हातदांडी चालवावी. दांडी सैल लागल्यास इंजिन एक फेरा फिरवून घ्यावे, म्हणजे ती काम देऊ लागते. टाकी उंचावर असलेल्या इंजिनात डिझेल आपोआप येते.

३. फेसाळ डिझेल संपून बुडबुड्यांविना सलग धार येऊ लागली, की धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. दुसरा फिल्टर असल्यास त्याचीही हवा अशीच काढावी.

४. हीच क्रिया इंजेक्शन पंपावरील स्क्रूवर करावी.

५. इंजिन बंद करण्याची दांडी चालू स्थितीत असल्याची खात्री करावी. तरीही इंजिन सुरू न झाल्यास नोझलकडील नट अर्धा फेरा सैल करून इंजिन फिरवावे, आणि डिझेल ठिबकू लागताच तो आवळावा. एका सिलिंडरच्या लहान इंजिनात हँडल फिरवताना नोझलचा ‘कर्र’ असा आवाज ऐकू आला, म्हणजे डिझेल पोहोचले असे समजावे.

हवा काढल्यावर इंजिन चालले व दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच बंद पडले, तर हवा कोठून येते हे शोधलेच पाहिजे.

पंप व नोझल

येथवर काही न आढळल्यासच नोझलकडे वळावे. अनेक सिलिंडरांच्या इंजिनात सदोष नोझल ओळखण्याची रीत अशी : इंजिन मंद गतीवर ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट क्रमाने किंचित सैल करावा व पुन्हा आवळावा. नट सैल करताच इंजिनाचा आवाज बदलून वेग उतरला, तर तो सिलिंडर काम करीत आहे. काहीच फरक न पडल्यास दोष त्याच सिलिंडरात आहे.

ही तपासणी करताना चेहरा दूर ठेवावा, डोळ्यांवर चष्मा असावा, नटावर जाड फडके धरावे, आणि नोझलच्या तुषारापुढे किंवा चिरलेल्या नळीवर हात कदापि नेऊ नये. एवढ्या दाबाचा तुषार कातडी भेदून आत जातो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते व प्रथम दुखतही नाही, परंतु आत गेलेल्या डिझेलने मांस सडून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास वेळ न घालवता रुग्णालय गाठावे आणि दाबाचे डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अलीकडील कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत हा दाब कितीतरी पट अधिक असतो. त्यांचे नट चालू इंजिनात मुळीच सैल करू नयेत.

प्लंजर झिजला असल्यास, गरम झालेले डिझेल पातळ होऊन त्याच्या शेजारून निसटते. म्हणून इंजिन तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते. हा दोष, तसेच नोझलच्या दाबाचा दोष, चाचणीयंत्र असलेल्या कारखान्यातच दुरुस्त करावा. पंपावरील सील तोडून डिझेलचे माप वाढवल्याने इंजिनाची शक्ती वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात काळा धूर वाढतो, डिझेल वाया जाते आणि इंजिन तापते.

मात्र एक लहान गोष्ट शेतावरच पाहता येते. भार नसताना एक्सलरेटर सोडताच इंजिन बंद पडत असेल, तर त्याची मंद गती फार कमी ठेवलेली असू शकते. ती पुस्तिकेनुसार ठेवून घ्यावी.

डिझेल पोहोचते, तरीही इंजिन थांबते

हवेचा मार्ग तपासावा. मळणीच्या व धुळीच्या दिवसांत एअर क्लीनर लवकर चोंदतो. तेलाच्या वाटीचा क्लीनर असल्यास वाटीतील गाळ काढून खुणेपर्यंत स्वच्छ तेल भरावे. सायलेन्सरमध्ये काजळी साचल्यासही इंजिनाचा दम कोंडतो.

भार तपासावा. पाण्याच्या पंपाची गाळ्याची दोरी फार आवळली असल्यास किंवा पट्टा अति ताणला असल्यास इंजिनावर व्यर्थ भार पडतो. ट्रॅक्टरचा ब्रेक धरत असल्यासही तेच होते.

उष्णता तपासावी. विहिरीवरील अनेक इंजिनांस थंड ठेवण्याचे पाणी पंपाच्याच नळीतून मिळते. पंपाने पाणी सोडले, की इंजिनावरील भार हलका होऊन आवाज बदलतो. चालवणाऱ्यास वाटते, इंजिन छान चालले आहे. परंतु त्याच क्षणी त्याचे थंडाव्याचे पाणीही बंद झालेले असते, आणि थोड्याच वेळात पिस्टन धरतो. म्हणून पाणी तुटताच इंजिन थांबवावे. तापून थांबलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये व ते जोराने फिरवू नये. आपोआप निवू द्यावे, तेलाची पातळी पाहावी आणि मगच मिस्त्रीस दाखवावे.

विहिरीत उतरवलेले इंजिन

पाणी खोल गेले, की काही ठिकाणी इंजिन विहिरीतील कट्ट्यावर उतरवले जाते. तेथे धूर साचतो, इंजिन आपलाच धूर पुन्हा आत ओढते, त्यास ताजी हवा कमी पडते व ते काळा धूर सोडत बंद पडते. अशा वेळी ते सुरू करण्यासाठी खाली उतरणे प्राणघातक ठरू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नसतो, वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्यास धोका कळत नाही. खाली सोडलेला दिवा तेवत राहिला म्हणून हवा निर्धोक आहे असे समजू नये. हा वायू दिवा विझवीत नाही. बेशुद्ध पडलेल्यास काढण्यास घाईने उतरलेला दुसरा माणूसही त्याच वायूला बळी पडतो. विहिरीत इंजिन चालवूच नये. खोल पाण्यासाठी दुसऱ्या प्रकारचा पंप निवडावा. असे बंद पडलेले इंजिन त्या दिवशी तसेच राहू द्यावे, कारण पाण्याची पाळी मनुष्याच्या जिवापेक्षा मोठी नाही.

तपासणीचा क्रम

सारांश, क्रम असा ठेवावा : बंद पडण्याची रीत व धूर, टाकीतील डिझेल व झाकणाचे छिद्र, कॉक व बंद करण्याची दांडी, पाणी व गाळ, गाळणी व फिल्टर, हवा आत येणारे जोड, हवा काढणे, एअर क्लीनर व सायलेन्सर, भार व उष्णता, आणि सर्वांत शेवटी नोझल व पंप. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व इंजिन चालवून पाहावे. एकदम चार गोष्टी केल्यास इंजिन सुरू होते, पण दोष कोणता होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवतो.

इंजिनाजवळ एक लहान वही ठेवावी. तीत चाललेले तास, भरलेले डिझेल, फिल्टर व तेल बदलल्याची तारीख आणि इंजिन बंद पडल्यास त्या वेळची लक्षणे लिहावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी, उन्हाळ्याच्या अखेरीस, गावातील एखाद्या जुन्या इंजिनावर झाकणाची परीक्षा, बाटलीतील पाण्याची परीक्षा व हवा काढण्याची रीत यांचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. जो तरुण एकदा स्वतःच्या हाताने हवा काढतो, त्यास पेरणीच्या दिवशी मिस्त्रीची वाट पाहत बांधावर बसून राहावे लागत नाही.